पट्ट्याचं दुसरं टोक

भिंतीतला हूक उखडला नसता, तर आमची ओळखच झाली नसती.

हूकला अडकवलेला माझा रबरी पट्टा सटकन सुटला आणि शेजारी व्यायाम करणाऱ्या त्याच्या कानावर बसला. मी ओशाळले. दवाखान्यात दुखऱ्या खांद्यांचे व्यायाम शिकवणाऱ्या ताई मात्र शांत. "आता तुम्ही दोघं एकमेकांचे हूक व्हा. एकाने टोक घट्ट धरायचं, दुसऱ्याने कोपर अंगाला चिकटवून ओढायचं."

मी सलूनमध्ये केस कापते. दिवसभर हात वर... उजवा खांदा असा आखडला की कंगवासुद्धा उचलेना. मालकीणबाईंना ते सोंग वाटत होतं. "महिनाअखेर हात वर गेला नाही, तर दुसरी मुलगी बघते," असं सुनावूनच त्यांनी रजा दिली होती.

आणि हा पट्टा धरणारा – पंखे बसवतो म्हणे – सारख्या चौकशा करायचा.

"कुठलं सलून तुमचं?"

"का?"

"सहजच... कामावर कधी जाणार?"

"का?"

"दुसरा शब्द येत नाही का तुम्हाला?" तो हसला. गालावर खळी पडली. तीही मला संशयास्पदच वाटली.

"मालकीणबाईंनी पेरलेला माणूस असणार," घरी बहीण म्हणाली. "जपून बोल."

मग खांद्यातून कळ आली की मी त्याच्याकडे रोखून बघायची. बघ, नीट बघ, आणि सांग जाऊन!

एका दुपारी औषधांच्या दुकानात शिरले आणि थबकले. स्वारी शिडीवर! दोन्ही हातांनी भलामोठा पंखा डोक्यावर तोललेला, चेहऱ्यावर वेदनेची रेघही नाही.

पंखा बसवून तो खाली उतरला, तर समोर मी.

"खांदा दुखतो ना तुमचा?"

"दुखायचा... बरा झाला. केव्हाच."

"मग रोज येता कशाला? मालकीणबाईंनी पाठवलंय ना?"

"कोण मालकीणबाई?" तो गोंधळला. "अहो, बरं वाटलं म्हणून व्यायाम सोडायचा नाही, असं ताईच म्हणाल्या. स्नायू सैल पडले की दुखणं परत येतं."

"व्यायाम घरीही करता येतो."

"येतो की. पण –" त्याचे कान लाल झाले. "घरी दुसरं टोक धरायला तुम्ही नसता."

औषधवाले काका गोळ्या काढायचे थांबले.

"का..." एवढंच तोंडातून निघालं.

"ते मात्र कळलंय तुम्हाला," तो पुटपुटला.

आता संशय घ्यायला काही उरलं नव्हतं, तरी मी दोन दिवस घेऊन बघितला. टिकला नाही. भिंतीवर बोटं चालवत माझा हात रोज थोडा वर सरकत होता. "अजून थोडं... खांदा कानाकडे उचलू नका," तो हळूच म्हणायचा – आणि दुखणं विसरून मी त्याचा आवाजच ऐकत राहायची.

महिनाअखेर मी कामावर रुजू झाले. पहिलाच तो येऊन खुर्चीत बसला. मी कात्री उचलली. हात वर गेला... अगदी सहज. मालकीणबाई डोळे बारीक करून मागे उभ्याच होत्या. हात बघून झाल्यावर त्यांची नजर आरशाकडे वळली.

"हा कोण गं?"

"गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघतं. हा मघापासून तुला बघतोय. खरं सांग, नुसतं गिऱ्हाईकच ना?"

कात्री थांबली. आरशातल्या माणसाने श्वास रोखला.

"नाही," मी म्हणाले.