पाण्याचा काटा

मीटर आणायला सकाळी बाहेर पडलो तेव्हा डोक्यात भूतबीत काही नव्हतं. डोक्यात फक्त बाप होता.

आमच्या डिझेल पिकअपला पाण्याच्या तापमानाचा काटा मुळात होता. बाबांनी त्याची वायर उपटून टाकली होती आणि शेजारच्या लाल दिव्यावर चिकटपट्टी मारली होती. त्यांच्या पिढीतल्या ड्रायव्हरांची हीच अक्कल. काट्याकडे बघणारा घाबरतो, घाबरणारा चढावर थांबतो, आणि थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलत नाही. इंजिन कानाने ओळखायचं म्हणे. कान! घरात आई चार हाका मारते तेव्हा कुठे जातात हे कान?

दादाचे कान तेवढे तयार नव्हते. मोठ्या चढावर पाणी उकळलं, इंजिन जाम झालं. तो चाकामागे दगड लावायला उतरला आणि गाडी मागे आली, त्याच्या अंगावरून. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा एकच सांगत होते, "पोरगं बेफिकीर होतं." आणि जमलेली सगळी वडीलधारी मंडळी माना डोलवत होती. चिकटपट्टीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. पुढे दुसरं इंजिन बसवून तीच गाडी दारात उभी राहिली.

मी कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलो होतो, म्हणून आता गाडीवर माझी पाळी. संध्याकाळी त्याच चढावरून माल न्यायचा होता. मी ठरवलं होतं, मीटर बसल्याशिवाय गाडी हलणार नाही. आणि बाबांच्या तोंडून एक वाक्य काढल्याशिवाय मीही हलणार नाही. वायर मी काढली होती, एवढंच वाक्य.

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याला सगळे फ्यूज म्हणायचे, कारण तो पटकन उडायचा. त्याच्या शेडमध्ये गाडी लावली.

"वायरवालं मीटर घेऊ नकोस," तो म्हणाला. "ते जावयासारखं. अर्थिंगमध्ये जरा कमी पडलं की रुसतं. हे नळीवालं घे. याला बॅटरी नको, वायर नको. थापाच मारता येत नाहीत."

नळीवालं म्हणजे साधं यंत्र. घड्याळाएवढं मीटर, त्यातून निघालेली तांब्याची बारीक नळी आणि नळीच्या टोकाला बोटाएवढा पितळी बल्ब. बल्ब तापला की काटा चढतो. फ्यूजने तो स्वतःच्या चहात बुडवला. काटा सरसर वर गेला. मग मी मुठीत धरला. काटा खाली उतरला आणि पहिल्या रेघेच्या जरा अलीकडे थांबला.

"ही तुझी उष्णता," फ्यूज हसला. "जिवंत आहेस, अभिनंदन."

डॅशबोर्डवर मीटर बसवलं. इंजिनातलं पाणी काढलं, पाण्याच्या होस पाइपमध्ये बल्बसाठी जोड टाकायचा होता. तोवर नळी आत ओढून बल्ब ड्रायव्हरच्या सीटवर ठेवला. भर दुपार होती, पण शेडमध्ये काळोखी आणि गारवा होता. जळक्या ऑइलचा वास कोंडला होता. बाहेर कुणीतरी पत्रा ठोकत होतं, ते थांबलं.

मी वर पाहिलं. काटा पहिल्या रेघेच्या जरा अलीकडे उभा होता.

सीट रिकामी होती. बल्ब एकटा पडलेला. मी नळी हलके ओढली. ती आली नाही. कुठे अडकली नव्हती... तरी आली नाही. जरा जास्त ओढली, तर पलीकडून तेवढीच ओढ लागली.

"फ्यूज... इकडे ये."

तो आला. काटा पाहिला, सीट पाहिली. हातातला पाना हळूच खाली ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात बाबा आले. "झाली का नाटकं? ते डबडं काढ आणि पाणी भर. माल थांबलाय."

"काढत नाही."

"चार बुकं धड वाचली नाहीस, आणि मला गाडी शिकवतोस?"

"तुमच्याकडून शिकला होता ना एक जण? कुठाय तो?" मी ओरडलो. "बेफिकीर होता म्हणे! पट्टी कुणी लावली? वायर कुणी काढली? सगळ्या गावाला तोंड वर करून खोटं सांगितलंत. आता मला सांगा!"

बाबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते मीटरकडे बघत होते. काटा चढत होता. चहाच्या जागेवरून पुढे, उकळत्या पाण्याच्या जागेवरून पुढे, थेट लाल पट्ट्यात.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? भीती वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. "बघा," मी म्हणालो, "तो पण चिडलाय तुमच्यावर."

बाबा गाडीच्या दाराला टेकले. एकदम म्हातारे दिसले. "वायर मीच काढली," ते म्हणाले. "चुकलं माझं... पोरा, चुकलं." ते हे मला सांगत नव्हते, सीटला सांगत होते.

काटा उतरला. सावकाश, श्वास सोडावा तसा, पहिल्या रेघेच्या अलीकडे येऊन थांबला.

मला हवं ते वाक्य मिळालं होतं. बाबा डोळे पुसत जायला निघाले, आणि शेडच्या दारात थबकले.

"मी आलो तेव्हा काटा खालीच होता रे," ते हळू म्हणाले. "तू बोलायला लागलास... तेव्हा वर गेला."

"काहीतरीच बोलू नका."

ते गेले. शेडमध्ये मी एकटा. मी दादाच्या वाट्याचं भांडलो होतो. एवढ्या वर्षांत घरात दुसरं कुणी भांडलं नव्हतं. मी सीटजवळ वाकलो आणि जमेल तेवढ्या मायेने म्हणालो, "दादा... मी आहे."

काटा एका झटक्यात लाल पट्टा ओलांडून पार शेवटच्या खिळीला जाऊन आदळला.

मी बल्बला बोट लावलं. तो बर्फासारखा गार होता. काटा खाली येत नव्हता.