खिडकीकडची कूस

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या या दोन हातांनी अनुभवलेलं आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी देवाचं नाव घेऊन सांगते, आणि ते नाव घेऊन मी खोटं बोलत नाही.

आणि रात्रीबित्रीची गोष्ट नाही ही. भर दुपारची आहे. जेवणं उरकलेली, पडदे अर्धे ओढलेले, फरशीला फिनाईलचा वास, आणि अख्खा वृद्धाश्रम एकदम गप्प...

मी तिथे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला आहे. वरच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत दोन खाटा. दाराजवळच्या खाटेवर माझी सख्खी आत्या. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. झटका आला आणि तिचं अंग लाकूड झालं. कूससुद्धा स्वतःची स्वतः बदलता येत नाही. जीभ मात्र शाबूत. मिरचीसारखी.

खिडकीजवळच्या खाटेवर रेडिओबाई. खरं नाव कुणी घेतच नसे. सकाळी सुरू झाल्या की दिवे लागेपर्यंत चालू.

"हिचं बटण कुठंय गं? बंद कर जरा," आत्या म्हणायची.

आणि स्वतः दिवसभर त्यांच्याचकडे तोंड करून ऐकत पडायची. डाव्या कुशीवर.

एके दिवशी रेडिओबाई झोपेतच गेल्या. गादी उन्हात टाकली, चादर बदलली. खाट तशीच रिकामी राहिली.

थोड्याच दिवसांत आत्याच्या डाव्या खुब्यावर लाल चट्टा दिसला.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं हेच भय असतं. एका कुशीवर पडून पडून कातडी मरते. मग जखम होते, आणि ती आत आत जाते.

सिस्टरांनी बजावलं, "डावी कूस बंद. एकदा उताणं, एकदा उजवीकडे, असंच चालू ठेवायचं. जखम हाडापर्यंत गेली तर हॉस्पिटलात हलवावं लागेल. आणि या वयात तिथून..."

पुढचं मला कळलं.

जड माणसाची कूस बदलायला दोघी लागतात. एक अलीकडे, एक पलीकडे. एक हात खांद्याला, एक खुब्याला. माझी जोडीदारीण म्हणजे वहिनी, सगळ्यांचीच वहिनी. त्या दुपारी आम्ही आत्याला दाराकडे तोंड करून उजव्या कुशीवर निजवलं. पाठीला उशा लावल्या. मी चहा घेऊन आले...

आत्या डाव्या कुशीवर होती.

खिडकीकडे तोंड करून.

पाठीच्या उशा रिकाम्या खाटेवर होत्या. एकीवर एक, नीट रचलेल्या.

मी तडक वहिनीला गाठलं. "सिस्टरांनी सांगितलेलं ऐकलं नाहीस का? डावीकडे का वळवलंस तिला?"

"मी? एकटीनं? तुझी आत्या म्हणजे काय पिशवी आहे, उचलली नि फिरवली? माझं कंबरडं मोडायचंय का तुला?"

"मग आपोआप वळली?"

"ते तुझं तू बघ बाई. मी खाली भांडी घासत होते. विचार स्वयंपाकीणबाईंना."

मी विचारलं. ती खरंच खाली होती.

दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्या दुपारीही तेच. जखमेचं तोंड उघडलं. सिस्टरांनी ड्रेसिंग करताना माझ्याकडे नुसतं बघितलं. आत्या हातची जाणार... माझ्या देखत.

मग मी ठरवलं, खोलीतून हलायचंच नाही.

आत्याला उजव्या कुशीवर घेतलं आणि दाराशी स्टूल टाकून बसले. ओठांवर देवाचं नाव होतं. बाहेर लख्ख ऊन. आत्याचा डोळा लागलेला. घड्याळाची टिकटिक तेवढी.

मग तीही ऐकू येईना...

घड्याळ चालू होतं. काटा सरकत होता. आवाज नव्हता.

आत्याच्या गाऊनला खांद्यावर एक खळगा पडला.

कुणी तळहात दाबून धरावा तसा.

मग खुब्यावर दुसरा.

अगदी तिथेच, जिथे आम्ही धरतो. रेडिओबाई समोरच्या खाटेवरून आम्हाला रोज बघायच्या. बघून बघून शिकल्या असतील... हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी फक्त ओरडले आणि झेप घेतली.

आत्या खिडकीकडे कलायला लागली होती. मी तिचा खांदा धरून माझ्याकडे ओढला. पलीकडूनही ओढ होती. जोराची नव्हती हो... पण सोडत नव्हती. हट्टी माणसासारखी.

आत्यानं डोळे उघडले.

"ओढू नका गं दोघीजणी! फाटेन ना मी!"

माझे हात सुटले.

आत्या हळूच डाव्या कुशीवर गेली. कुणीतरी खूप जपून तिला खाली टेकवलं. घड्याळ पुन्हा वाजायला लागलं.

"आत्या... कोण आहे तिकडे?"

"कोण म्हणजे? तीच. तुम्ही मला दाराकडे फिरवता, मग ती कुणाशी बोलणार? रुसते बिचारी."

"आत्या, तुझी जखम..."

"मला दुखतंय गं पोरी," ती एकदम लहान आवाजात म्हणाली. "पण ती ऐकतच नाही."

देह सुटतो, हे मी या कामात किती वेळा बघितलंय. माया सुटते का? ते कुणी बघितलंय?

मी सुटलेली चादर खोचायला वाकले. आणि देवानंच बुद्धी दिली म्हणायची. खाटेला चाकं असतात!

वहिनीला हाक मारली. दोघींनी मिळून आत्याची अख्खी खाट फिरवली. उशाचं पायथ्याला, पायथ्याचं उशाला. आता उजव्या कुशीवर निजली की तोंड आपोआप खिडकीकडे.

"हे काय नवीन खूळ?" वहिनीनं घाम पुसला. "उद्या म्हणशील छत फिरवूया."

सिस्टर चिडल्या. भिंतीवरच्या घंटीची दोरी आता आत्याजवळ पोचेना. मी दोरीला पट्टी बांधून ती लांब केली.

त्या दिवसापासून उशा जागच्या हलल्या नाहीत. मी उताणं केलं की आत्या उताणी राहायची. जखम कोरडी पडली, हळूहळू भरून आली. सिस्टर माझी पाठ थोपटून गेल्या. आत्या दुपारभर खिडकीकडे बघून पुटपुटते, मधेच हसते. मी खोलीत गेले की गप्प होते.

मला वाटलं, मिटलं.

मागच्या महिन्यात रिकामी खाट भरली. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या, चुणचुणीत बाई. हिंडत्याफिरत्या. त्यांना काय सांगणार? सांगितलं असतं तर सिस्टरांनी आत्याची खोली बदलली असती. आणि मग रेडिओबाई पुन्हा तिला शोधत आल्या असत्या तर... पुन्हा डावी कूस?

मी गप्प बसले.

पहिल्याच दुपारी चहा द्यायला गेले. शिवणबाई गादीच्या अगदी काठावर, अंग चोरून झोपल्या होत्या.

"अहो, पडाल की! एवढ्या कडेला का?"

"तुम्हीच नाही का मघाशी म्हणालात, जरा सरका म्हणून?" त्या हसल्या. "सरकले हो. पुरेशी झाली ना जागा?"

मी तर जेवणानंतर आत्ताच वर आले होते. पलीकडून आत्या माझ्याकडे टक लावून बघत होती.

"हो," मी म्हणाले. "पुरेशी झाली."

दुसरं काय म्हणणार होते?

शिवणबाई आता रोज तशाच काठावर झोपतात. पडू नयेत म्हणून त्यांच्या बाजूचा कठडा मी आठवणीनं वर करते.

दुसऱ्या बाजूचा करत नाही.

ती बाजू मी मोकळी ठेवते...