दोन हजार दोनशे फूट

"सापडलं!" ऋषिराज इतक्या जोरात ओरडला की क्रांतीच्या हातातली कैरीची फोड खाली पडली. "रविवार, अकरा वाजून वीस मिनिटं. बघ साक्षी!"

साक्षी लॅपटॉपवर वाकली. सुट्टी लागल्यापासून तिघांनी क्रांतीच्या गच्चीवर हाच उद्योग मांडला होता. तांब्याच्या तारेची अँटेना, पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर, आणि आसपासच्या विमानांची उंची, वेग, वाट सगळं स्क्रीनवर! नोंदी आपोआप साठायच्या. पण आता हा खेळ राहिला नव्हता.

रविवारी लालासाहेबांच्या पोल्ट्रीत सहाशे कोंबड्या भेदरून एका कोपऱ्यात धावल्या आणि एकमेकींखाली गुदमरून मेल्या. राखणदार होते साक्षीचे पप्पा, धनाजी. "इमान पत्र्याला घासून गेलं, साहेब!" ते परोपरीनं सांगत होते. पण "झोपला हुतास, कुत्रं शिरलं!" म्हणत लालासाहेबांनी पंधरा वर्षांच्या इमानी माणसाला चारचौघांत हाकललं. तेव्हापासून पप्पांनी उंबरा ओलांडला नव्हता.

"जयराजदादाच असणार," क्रांती म्हणाली. जयराज म्हणजे लालासाहेबांचा, गावाच्या आबांचा, पुतण्या; विमान चालवायला शिकत होता. "रविवारी आबांच्या साठीला त्यानं मांडवावर घिरट्या घातल्या न्हाईत का? आम्ही तर टाळ्या वाजवल्या!" एवढं बोलून तिनं जीभ चावली.

"आणि वळताना थेट पोल्ट्रीवरून गेला!" ऋषिराजनं नकाशावर बोट ठेवलं. "चला आबांकडं!"

लालासाहेबांच्या ओसरीवर मोठी माणसं चहा पीत बसली होती. आबांनी चष्मा लावून लॅपटॉपवरचा उंचीचा आकडा वाचला आणि खो खो हसले. "दोन हजार दोनशे फूट! अगं पोरी, एवढ्या उंचावरनं कोंबड्या मरत्यात व्हय?"

सगळी ओसरी हसली. साक्षीला असा संताप आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं.

"आबा, ही उंची समुद्रापासनं मोजत्यात, पत्र्यापासनं न्हाई! पोल्ट्रीला लागून आपलं स्टेशन हाय. तिथल्या पिवळ्या पाटीवर काय लिहिलंय? समुद्रसपाटीपासून सहाशे दहा मीटर. म्हंजे दोन हजार फूट! मग वर राहिले किती?"

"दोनशे," कोपऱ्यातून जयराजच पुटपुटला. "काका, जरा जास्तच खाली आलो हुतो."

हसणं जागच्या जागी थांबलं. क्रांतीचे आजोबा आप्पासो, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, कौतुकानं म्हणाले, "शाबास गं पोरी! मलाबी तवा वाटलं हुतं, इमान लय खाली आलंय."

"मग आप्पा, सांगितलं का न्हाई?"

आप्पांनी टोपी सारखी केली. बाकीच्यांनी कपात बघितलं.

"पोरगी वाघीण हाय!" लालासाहेब घाईघाईनं म्हणाले. "बापाला सांग, उद्यापासनं कामावर ये म्हणावं. मशीन काय खोटं बोलत न्हाई."

साक्षी धावतच घरी आली. "पप्पा, आपण जिंकलो!" तिनं एका दमात सगळं सांगितलं. पप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मशीन खोटं बोलत न्हाई, आसं म्हणाले?"

"व्हय!"

"आन् मी गं? पंधरा वर्सांत एकदा तरी खोटं बोललो हुतो का त्यास्नी?"

पप्पा उठले, खुंटीवरची पिशवी काढली आणि म्हणाले, "पोल्ट्रीवर जायाचंय, सकाळी डबा भरून ठेव."