कॅमेऱ्याच्या ओळखीचा चेहरा

स्टुडिओच्या जिन्याचं वळण अरुंद, आणि दोघंही आपापल्या कॅमेऱ्यात डोकं खुपसून. धडक बसली नाही एवढंच. ती दचकून वर बघते तोच समोरच्या कॅमेऱ्याने ‘पीप’ केलं आणि तिचा फोटो निघालासुद्धा.

“विचारायची पद्धत असते,” ती म्हणाली.

“सॉरी... टेस्ट करत होतो. हा फार पटकन फोकस पकडतो हो.” तो हसला. हसताना त्याची एकच भुवई वर जाते हे तिने पाहिलं, आणि पाहिल्याचा तिला रागच आला.

मामाच्या स्टुडिओत नवा फोटोग्राफर येणार हे तिला कळलं होतं. कशाला, ते मामा सांगत नव्हता. कॉलेज संपल्यापासून ती इथेच होती, बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यावर, हाताने रिंग फिरवून फोकस लावत. “बाळ, तुझा फोकस लागेपर्यंत पाहुणे घरी जाऊन झोपतात,” असं मामा हल्ली येताजाता म्हणायचा. वर, “एका स्टुडिओला दोन-दोन फोटोग्राफर म्हणजे...” एवढंच बोलून गप्प बसायचा. उरलेलं न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. दोघांतलं एक जाणार होतं.

तिने नव्याचं नाव ठेवलं पिपाणी.

पिपाणी वागायला मात्र गोड. तिची बॅग उचलायचा, चहा आणून द्यायचा, लेन्स पुसून देऊ का विचारायचा. इतकं गोड कोणी फुकट वागत नाही. केसाने गळा कापणारे असेच असतात, असं तिचं ठाम मत.

“तुम्ही अजून हातानेच का करता?” त्याने एकदा विचारलं.

“कोणाकडे बघायचं ते माझं मी ठरवते. तुमच्यासारखं यंत्राला विचारत नाही.”

“तसं माझंही यंत्र बरोबरच ठरवतं...” तो पुटपुटला, आणि कानापर्यंत लाल झाला.

आता यात लाल व्हायचं काय कारण? कुठेतरी पाणी मुरत होतं. दुसऱ्या दिवशी तर त्याने कॅमेऱ्याचा तो आवाजच बंद केला. म्हणजे आता काय टिपतोय, कोणाला पत्ता नाही.

पत्ता लागला शाळेच्या बक्षीस समारंभानंतर. मामा कॉम्प्युटरवर पिपाणीचे फोटो बघत होता, ती मागे उभी होती. प्रमुख पाहुण्या कप देतायत, मुलगी घेतेय, आणि दोघींचेही चेहरे पुसट. मागे स्टेजच्या कोपऱ्यात मात्र कोणीतरी गुडघा टेकून, ओठ दाबून रिंग फिरवत बसलेली... पापणीचा केस न् केस स्पष्ट. ती स्वतः. पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचाही.

तिने लगेच ताडलं. मी किती वेळ लावते याचा हा पुरावा, दुसरं काय!

पण मामाने चष्मा काढला. “याला उद्यापासून येऊ नको म्हणतो. नशीब, तुझे फोटो नीट आलेत.”

खरंतर तिने सुटकेचा निःश्वास टाकायचा. पण मनात पाल चुकचुकली. दुसऱ्याला अडकवायला कोणी स्वतःचं काम बुडवतं का?

आतल्या खोलीत तो दिवे आवरत होता.

“कॅमेरा द्या.”

“कशाला?”

“द्या म्हणते ना.”

फोकसची सेटिंग्ज उघडत, चुकत, मागे येत तिने अखेर ते पान गाठलं. ओळखीचे चेहरे. इथे एखादा चेहरा साठवून ठेवला की गर्दीत कॅमेरा बाकीच्यांना सोडून त्यालाच शोधतो. साठवलेला चेहरा एकच होता. जिन्यावरचा, दचकलेला, तोंड अर्धं उघडं.

“हे काय आहे?”

“पहिल्या दिवशी... टेस्टसाठी ठेवला होता. मग तुम्ही दिसलात की बाकी सगळं सोडून तुमच्याकडेच...”

“कॅमेरा?”

“हो, कॅमेरा.” त्याने हातातली वायर खाली ठेवली. “मीही.”

“पुसता आला असता.”

“रोज ठरवायचो. समारंभाच्या सकाळी तर नक्कीच पुसणार होतो.”

“मग?”

“मग तुम्ही आलात.”

तिला हसू आलं, ते तिने महत्प्रयासाने दाबलं. हा माणूस तिला जिन्यावरच आवडला होता, आणि म्हणूनच तिने त्याच्यावर इतका संशय घेतला होता. हे तिला आत्ता कळत होतं.

“मामा,” तिने बाहेर हाक दिली, “चूक त्यांच्या हाताची नाही. कॅमेऱ्यात माझा चेहरा राहिला होता. काढतेय मी.”

बाहेर मामा खाकरला. “पुन्हा पाहुणे पुसट आले तर दोघांनाही हाकलीन.”

तिने कॅमेऱ्यातला आपला चेहरा पुसून टाकला. “कामाच्या वेळी पाहुण्यांकडे बघायचं.” त्याचा चेहरा पडला. तेव्हा तिने आपला कॅमेरा उचलला. “खिडकीपाशी उभा राहा.”

“अं... उभा? उभे नाही?”

“हो. उभा.”

तिने रिंग फिरवली. तो पुसट, मग जरा स्पष्ट. एवढ्यात ती भुवई वर गेली, तिची बोटं घसरली, आणि तो पुन्हा पुसट.

“माझ्याकडे पीप होत नाही हं,” ती डोळा न काढता म्हणाली. “मला वेळ लागतो. सगळ्यालाच.”

“लागू दे. मी हलत नाही.”

तिने पुन्हा रिंग फिरवायला घेतली. तो खरंच हलत नव्हता, आणि बटण दाबायची तिला काहीच घाई नव्हती.