खुर्चीतली शहाणी मुलगी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामेबहिणीबाबत घडलंय. मागच्या महिन्यात, रविवारी, तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत.

आणि तेही भरदुपारी. रात्री भुतांनाही क्लास असेल!

तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी टिकत नाही. म्हणजे, टिकायची नाही. दहावी सुरू झाली आणि मामीने तिला खुर्चीत बसवलं. भिंतीवर रंगीत वेळापत्रक लागलं. शाळा, क्लास, क्लासचा गृहपाठ, त्या गृहपाठाची उजळणी. आणि रविवारी पाच चाळीस ते पाच पंचावन्न एवढासा गुलाबी चौकोन: 'मनोरंजन'.

पंधरा मिनिटं! कैद्यालासुद्धा याहून जास्त वेळ मोकळं सोडतात.

कपाटावर कॅमेरा. पाळण्यातलं बाळ उठलं का, ते बघायला मिळतो ना, तसला. मामी दवाखान्यात रिसेप्शनला असते. एक डोळा पेशंटवर, एक मोबाईलवर. आणि मामा? नंदीबैल! मामी म्हणेल त्याला मान डोलावणार.

त्या रविवारी खालच्या मैदानावर बास्केटबॉलची फायनल होती. भिंगरी टीममध्ये होती. कॅमेऱ्यात फक्त आपली पाठ दिसते, हे तिला माहीत होतं. कामावर जाताना मामी बसमध्ये असेपर्यंत मोबाईल पर्समध्ये असतो, हेही.

तेवढ्या वेळात तिने खुर्चीत दोन उशा रचल्या. त्यांना आपलं टोपीवालं जॅकेट चढवलं. टोपीत टॉवेलचा बोळा कोंबला. पुढ्यात गणिताची कोरी वही उघडून ठेवली आणि दार ओढून पळाली.

मनसोक्त हुंदडली. जिंकली. ढोपर फोडून घेतलं.

परत आली तेव्हा मामा सोफ्यावर घोरत होता. तिने खोलीच्या दाराला हात लावला...

आतून आवाज येत होता.

खर्र... खर्र... खर्र...

कागदावर पेन चालल्याचा.

तिने दार ढकललं. आवाज बंद.

उशा जागच्या जागी. जॅकेट जागच्या जागी. पण वही...

चौदा पानं भरली होती. तिच्याच अक्षरात. एकही खाडाखोड नाही.

भिंगरीच्या वहीत खाडाखोड नाही? जन्मात शक्य नाही!

संध्याकाळी मामी आली ती हवेत तरंगतच.

"काय शहाण्यासारखी बसली होतीस गं आज! तीन तास मान वर नाही. पाणी प्यायलासुद्धा उठली नाहीस."

"आई, ती मी नव्हते. मी खेळायला गेले होते. हे बघ, रक्त आलंय!"

मामीने ढोपराकडे पाहिलंही नाही.

"थापा नको मारूस. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय."

पुढच्या शनिवारी भिंगरीने उशा माळ्यावर फेकल्या. रविवारी सकाळी जॅकेट धुऊन बाल्कनीत वाळत घातलं. त्या दिवशी मामीला सुट्टी होती. दुपार झाली तरी भिंगरी खोलीत जाईना. मामी स्वयंपाकघरात मोबाईल घेऊन बसली होती, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आई, मी नाही बसणार तिथे. मला भीती वाटतेय."

मामीने मोबाईल आणखी जवळ धरला.

"आई, इकडे बघ ना! मी इथे आहे!"

"शू..." मामीने ओठांवर बोट ठेवलं. नजर मोबाईलवरच. "हळू बोल. अभ्यास करतेय ती."

भिंगरीने वाकून पाहिलं...

खुर्चीत टोपी घातलेली पाठ. मान खाली. हात चालतोय.

तिने बाल्कनीकडे बघितलं. जॅकेट दोरीवरच होतं. थेंब थेंब गळत होतं.

आता दर रविवारी भिंगरी आमच्याकडे येते. आम्ही खेळतो, लोळतो, वाट्टेल ते बडबडतो. संध्याकाळ होते, अंधार पडतो. पण 'कुठे आहेस' म्हणून मामीचा एक फोन येत नाही.

एकदाही नाही.

काल मात्र आला. माझ्या आईसाठी. दोघी अर्धा तास बोलत होत्या. फोन ठेवल्यावर आई माझ्या खोलीत आली, माझ्या खुर्चीकडे बघितलं, आणि मग वर...

कपाटाकडे.