मेवीसनं तपासलेलं पुस्तक

नव्या आवृत्तीआधी चुका तपासून घ्याव्यात, एवढ्याच कामासाठी ग्वेंडा दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा शहराच्या पलीकडच्या त्या गावी आली होती. व्हर्नाचं पत्र आलं होतं : 'तुझ्या पुस्तकात दुरुस्त्या आहेत. येऊन घेऊन जा.' अशी पत्रं लेखकांना येतच असतात. पण व्हर्ना ही मेवीसची थोरली बहीण, आणि वीस वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या मेवीसवरच ते पुस्तक होतं. नवऱ्यानंच तिला मारलं, असं तेव्हा गाव म्हणत होतं. ग्वेंडानं तीनशे पानं खर्ची घालून पटवून दिलं, की नवरा, क्लेम, निर्दोष आहे, बायको आपल्या मर्जीनं निघून गेली. पुस्तक हातोहात खपलं आणि चौकशी थंडावली. क्लेम अजून समुद्रकाठच्या त्याच शेतावर एकटा राहत होता.

जानेवारीची, तिथल्या ऐन उन्हाळ्यातली दुपार होती. उत्तरेचा वारा अंग भाजत होता. व्हर्नानं दार उघडलं.

"पाय पुसून ये गं बाई. वाळू आणू नकोस घरात."

आत पडदे ओढलेले होते. स्वयंपाकघरात भाजलेल्या पिठाचा वास होता, आणि त्याखाली दुसराच एक, नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा. टेबलावर पुस्तक होतं.

"चुलीत घालायला विकत घेतलं होतं मी ते," व्हर्ना म्हणाली. "वर तिचा फोटो. हात धजला नाही. कपाटात टाकून दिलं. वर्षानं काढलं, तर एक स्वल्पविराम दुरुस्त केलेला."

"तुम्ही केला असेल..."

"मी? मी जन्मभर बेकरीत पाव भाजले. मला कुठलं आलंय व्याकरण?"

मेवीस शाळेत शिकवायची. ग्वेंडानं तिच्या वह्या पाहिल्या होत्या, ते नेटकं, डावीकडे कललेलं अक्षर तिला पाठ होतं. पानापानावर लाल पेन्सिलीनं तेच अक्षर होतं. 'कॉफी नव्हे, चहा.' 'झगा हिरवा.' मग एकशे बाराव्या पानावर ग्वेंडाचं स्वतःचं वाक्य आलं, ज्याचं फार कौतुक झालं होतं : 'मेवीस आपल्या पायांनी घराबाहेर पडली.' त्यातल्या 'आपल्या पायांनी' वर रेघ मारली होती. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'उचलून नेलं.'

ग्वेंडाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्हर्नाकडे बघायची तिची हिंमत होईना.

"मी... मी त्याच्यावर विश्वास ठेवला, व्हर्ना."

"तिनंही ठेवला होता." व्हर्नाच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मला त्याला फासावर नाही चढवायचं. आईशेजारची जागा राखून ठेवलीय मी. तिला तिथं आणायचंय, बस. डॉक्टर म्हणतात, मला फार दिवस नाहीत. ती सगळं दुरुस्त करते, पण कुठं आहे ते सांगत नाही. मी विचारून दमले. पुस्तक तुझं आहे. तू विचार."

ग्वेंडानं काळी पेन्सिल घेतली. शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं : 'मेवीस, तू कुठं आहेस?' आणि पुस्तक मिटलं.

व्हर्नानं चहा ओतला. चहावर साय धरली. बाहेरचा वारा मध्येच थांबला, आणि कागदावर काहीतरी सावकाश घासल्याचा आवाज आला... मिटलेल्या पानांतून.

व्हर्नानं उघडलं. लाल ओळ होती : 'त्याच्याजवळच. त्याला एकट्याला झोप लागत नाही.'

"अजून त्याचीच काळजी..." व्हर्नाला रडू फुटलं. वीस वर्षांचं रडू होतं ते. ग्वेंडानं तिचा हात धरला. शेतावरच्या त्या घरात, म्हाताऱ्या क्लेमच्या पलंगाखालच्या फरशीखाली काय असेल, ते दोघींना कळलं होतं.

"पोलिसांना सांगते मी," ग्वेंडा म्हणाली. "आजच. चुकले असं छापून देते."

"थांब जरा."

व्हर्नानं डोळे पुसले, पेन्सिल घेतली आणि लाल ओळीखाली आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं : 'घरी ये, मेव्ह. मी वाट बघतेय.'

या वेळी पुस्तक मिटलंच नाही. तरी दोघींपैकी कुणालाही उमटताना दिसलं नाही. पापणी लवली तेवढ्यात ओळ तिथं होती, तशीच नेटकी, डावीकडे कललेली :

'येते. याला निजवून येते.'