हलक्या पायाचे नऊशे किलोमीटर

टोर्केलचं लायसन्स आणि त्याचं इंजिन एकाच दिवशी, एकाच वळणावर गेलं. लायसन्स पोलिसानं नेलं, इंजिन मी.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. हॉर्नबोर्या तळ्यावर क्रौंच उतरले होते, रस्ताभर दुर्बिणी घेऊन माणसं उभी होती आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक काळी जुनी टर्बो साब गाडी, बॉनेट उघडं टाकून. मी गाडी उचलायचा ट्रक मागे घेत होते, तर हा पठ्ठ्या इंजिनाकडे तोंड करून पोलिसालाच समजावत होता, "आधी खालचा सूर गेला, मग वरचा. मग सगळंच गेलं."

"सत्तरच्या रस्त्यावर एकशे अठरानं आलास तर जाणारच," पोलीस म्हणाला. "दोन महिने पायी चाल आता."

मी वाकून पाहिलं. ऑइल नावाला नव्हतं. "शेवटचं ऑइल कधी टाकलं होतंस?"

"ऑइल..." त्यानं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. लांब पापण्या होत्या मेल्याच्या. "बदलायचं असतं ना ते?"

कपाळ माझं! गाडीचा काही दोष नव्हता, मालकच असला. मला खरं तर त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तिथेच मी ओळखायला हवं होतं.

माझं नाव इल्वा. स्कारा गावाबाहेरचं गॅरेज आधी बोर्येमामाचं होतं, जानेवारीपासून माझं. पाटीवर माझं नाव आहे. मामा अजूनही रोज सकाळी येतो, कॉफीचा मग घेऊन स्टुलावर बसतो आणि मला नावं ठेवतो. टोर्केलचं इंजिन हे माझ्या पाटीखाली पूर्ण खोलून बांधलेलं पहिलंच इंजिन. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवे बेअरिंग, नवा टर्बो. मामानं एका बोल्टला हात लावला नाही. मी लावू दिला नाही.

टोर्केल चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करतो आणि सुरात लावतो. लायसन्स परत मिळताच, जूनच्या नऊ तारखेला, त्याला थेट उत्तरेला जायचं होतं, स्केलेफ्तेओच्या पलीकडे. तिथला एक मोठा ऑर्गन उतरवून पुन्हा उभा करायचा होता. दोन वर्षांचं काम.

"गाडी तोवर तयार?" त्यानं विचारलं.

"बांधून होईल. पण नुसतं बांधून भागत नाही. पहिले पंधराशे किलोमीटर रीतीनं चालवावी लागते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासून बसल्या पाहिजेत, तेव्हा इंजिन मोकळं होतं."

"आणि माझ्याकडे लायसन्स नाही."

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "तू शेजारी बस. गप्प."

"गप्प जमणार नाही."

"बघू."

नाहीच जमलं त्याला!

मेच्या मध्यापासून आम्ही रोज काम संपलं की निघायचो. आमच्याकडे तेव्हा दहापर्यंत उजेड असतो. थर्मासमध्ये कॉफी, पिशवीत वेलदोड्याचे बन, शेताशेतांतून पिवळी मोहरी फुललेली आणि शेजारी टोर्केल. तो सांगायचा – कुठल्याशा चर्चच्या ऑर्गनमध्ये घुबडानं घरटं केलं होतं, कुठल्या पाद्रीणबाई सूर लावताना झोपून घोरल्या आणि त्यांचं घोरणं ऑर्गनपेक्षा सुरात होतं. मी इतकी हसायचे की स्टीअरिंग हलायचं.

"रस्त्याकडे बघ," तो म्हणायचा.

"तू माझ्याकडे बघतोयस, ते मला कसं कळलं असतं मग?"

"मी स्पीडोमीटर बघत होतो."

"तो या बाजूला आहे. माझ्या गालावर नाही."

लाल व्हायचा. कानापासून सुरुवात व्हायची, खाली कॉलरपर्यंत. मला ते बघायला फार आवडायचं, आता लपवून काय करू?

तर नव्या इंजिनाला काय लागतं, ते मला झोपेतही सांगता येतं. ओढायचं आणि सोडायचं. तिसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन वर न्यायचं, पाय काढायचा, इंजिनालाच गाडी आवरू द्यायची. पुन्हा ओढायचं. टर्बोचा काटा लाल पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही, पण अंग चोरूनही चालवायचं नाही. आतल्या दाबानंच रिंगा भिंतीला टेकतात. पहिले दोन दिवस मी अगदी तसंच चालवलं. पण ओढलं की टर्बो शिट्टी मारायचा, आणि टोर्केलचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. सोडलं की तो पुढं झुकायचा, म्हणून सांगणं पुन्हा तुटायचं.

तिसऱ्या दिवशी... मी पाय हलका केला. तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर, साठच्या वेगानं, एकसारखी, शांत. त्याचा आवाज नीट ऐकू येत होता. चौथ्या दिवशीही तसंच. मग रोजच.

नऊशे किलोमीटर झाले, त्या शुक्रवारी मी ऑइल मोजायची डिपस्टिक काढली. अर्धा लिटर कमी. गाडी चालू करून मामाला मागे उभं केलं. मी पाय सोडला, पुन्हा दिला. आरशात निळा धूर दिसला – ऑइल जळत होतं.

मामा कॉफीचा मग घेऊन खिडकीशी आला. "काय गं पोरी, गाडी चालवलीस की पाळण्यात घालून झोके दिलेस?"

मी इंजिन बंद केलं.

"लाडावलंस इंजिनाला. रिंगा बसल्याच नाहीत. तुला हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"मामा, पुरे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यांदा हसला. "अच्छा! असं आहे होय! मग सोपं आहे की. खोल इंजिन, सिलिंडर पुन्हा घासून घे, नव्या रिंगा टाक. तीन आठवडे जातील. तोवर पोरगा इथंच."

खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी तेच ठरवून झोपले होते. तीन आठवडे! कुणाला काही कळलं नसतं. उत्तरेतल्या त्या ऑर्गनवाल्यांनी थोडी वाट पाहिली असती, किंवा दुसरा माणूस शोधला असता आणि टोर्केल इथंच राहिला असता... पण सकाळी दात घासताना आरशात स्वतःकडे बघवेना. माझ्या हातचं इंजिन बिघडलेलं ठेवून मी माणूस अडवून धरणार? इतकी का माझी पत गेलीये!

शनिवारी तो बनची पिशवी घेऊन आला. मी दारातच सांगितलं.

"ऐक. तुझं इंजिन ऑइल खातंय. चूक माझी आहे. मी फार हळू चालवली."

"का?"

"कारण जोरात चालवली की तू बोलायचा थांबतोस. आणि मला तुझं बोलणं आवडतं. तूही आवडतोस. आता रागाव हवं तर."

त्याचे कान लाल झाले, पण चेहरा पडला. "सोमवारी मला निघायचंय, इल्वा. ते काम मी पाच वर्षं मागत होतो."

"माहीत आहे."

"दुरुस्त होईल?"

"कदाचित. आज शिनेकुल्लेच्या डोंगरावर नेते. इंजिनाला जसं हवं तसं ओढते. बसल्या रिंगा तर बसल्या. नाही बसल्या तर खोलावं लागेल. आणि आज तू एक शब्द बोलायचा नाहीस."

"बरं," तो म्हणाला आणि बसला. पट्टा लावला. खरंच गप्प बसला.

व्हेनर्न तळ्याच्या काठापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबून. शिट्टी वर वर चढत गेली, सीटनं पाठ ढकलली. माथ्यावरून वळून उतारावर पाय काढून, इंजिनाला गाडी धरायला लावून खाली. पुन्हा वर. दोन्ही बाजूंना चेरीची हिरवी झाडं होती, जंगलातून रानलसणाचा उग्र वास आत येत होता, आणि मी दर वेळी आरशात बघत होते. धूर. पुन्हा धूर. पाचव्या चढणीला माझे हात घामानं ओले झाले. आठव्याला धूर जरा पातळ वाटला, की मलाच तसा वाटावासा वाटत होता? दहाव्या वेळी टोर्केलनं मागं वळून पाहिलं आणि दोन बोटं जवळ आणून दाखवली – एवढासाच. बाराव्या वेळी त्यानं बोटं मिटली – काहीच नाही.

माथ्यावर मी गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवून.

"बंद का करत नाहीस?"

"टर्बो तापलाय. दोन मिनिटं असंच थंड होऊ द्यायचं असतं."

"म्हणजे मला बोलायला दोन मिनिटं आहेत?"

"आता पावणेदोन."

"मग तू मध्ये बोलू नकोस." त्यानं पट्टा काढला. "मी आठ वर्षं गावोगाव हिंडतोय. दिवसभर ऑर्गनला कान लावून बसतो आणि संध्याकाळी खानावळीत एकटा जेवतो. घुबडाची ती गोष्ट मी तुझ्याआधी कुणालाच सांगितली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं. मी उत्तरेला जाणार, कारण ते काम मला हवंय. पण तूही मला हवी आहेस, आणि हे मी तीन आठवडे सांगणार होतो, आणि रोज त्याऐवजी पाद्रीणबाईच सांगत बसलो..."

"झाली दोन मिनिटं," मी म्हटलं आणि किल्ली फिरवली.

मग एकदम शांत झालं. लांब खाली कुठे तरी कोकिळा बोलत होती. तो अगदी जवळ आला, थांबला – असा अडखळणारा माणूस! – म्हणून उरलेलं अंतर मीच संपवलं. त्याच्या ओठांना वेलदोड्याचा वास होता. किती वेळ गेला, ते मी मोजलं नाही.

रविवारी आम्ही तीनशे किलोमीटर गाडी हाकली. ओढून, सोडून, नियमानं. दुपारी गॅरेजमध्ये इंजिन निवू दिलं. मामा स्टुलावरून उठून आला. मी डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. ऑइल सकाळी होतं तिथंच, वरच्या खुणेवर. एक थेंब कमी नाही.

"बसल्या," मामा म्हणाला. माझ्या पाठीवर थाप मारली आणि कॉफीचा मग घेऊन बाहेर गेला. एरवी कधी जात नाही.

टोर्केल त्या डिपस्टिककडे बघत राहिला. मला वाटलं होतं, खूश होईल. तो मामाच्या रिकाम्या स्टुलावर टेकला.

"म्हणजे मी जाऊ शकतो," तो म्हणाला.

"जाऊ शकतोस." माझे डोळे भरले होते, पण मी हसले. "आणि येऊही शकतोस. मी बांधलंय हे इंजिन. दोन्ही दिशांना चालतं."